पान, रक्त आणि प्रथिने: प्रोटिओमिक्समधल्या संशोधनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रोटिओमिक्स म्हणजे पेशीतल्या किंवा रक्तातल्या सगळ्या प्रथिनांचा एकत्र अभ्यास. त्यात माझी सुरुवात वनस्पतींपासून झाली. पाण्याचा ताण सोसणाऱ्या रोपांत कोणती प्रथिने वाढतात, कोणती घटतात, हे शोधायचे. पुढे तीच यंत्रे आणि तीच हातोटी घेऊन मी मधुमेहाकडे आणि मेंदूच्या विकारांकडे वळले. व्याख्यानांनंतर आणि विद्यार्थ्यांच्या ई-मेलमधून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे इथे दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत; त्या प्रश्नांना तेवढी जागा लागतेच.

जनुकसंच वाचून झाला आहे. मग प्रथिने वेगळी कशाला मोजायची?

मानवी जनुकसंचाचा प्रकल्प २००३ साली पूर्ण झाला. प्रथिने बनवणारी जनुके निघाली सुमारे २० हजार. पण यकृताच्या पेशीत आणि डोळ्यातल्या पेशीत जनुके तीच असतात. फरक पडतो तो कोणते प्रथिन किती बनले, किती काळ टिकले, त्यावर कोणता रासायनिक गट चढला आणि ते कोणत्या दुसऱ्या प्रथिनाला जाऊन जुळले, यामुळे. जनुकावरून उतरवलेल्या आरएनएच्या प्रती भरपूर दिसल्या म्हणून प्रथिनही भरपूर असेल असे धरून चालत नाही. काही प्रथिने बनल्यानंतर काही मिनिटांतच मोडीत निघतात, काही आठवडेच्या आठवडे राहतात. बहुतेक औषधेही प्रथिनांवरच काम करतात. त्यामुळे आजारात किंवा दुष्काळात पेशीत नेमके काय बदलले हे कळायचे असेल, तर प्रथिनांनाच विचारावे लागते.

प्रयोगशाळेत हे काम प्रत्यक्षात कसे चालते?

पानापासून सुरुवात करू. पान तोडले की लगेच द्रवरूप नायट्रोजनमध्ये टाकायचे, उणे १९६ अंशांना. उशीर झाला तर तोडण्याच्या जखमेलाच पान प्रतिसाद देऊ लागते आणि आपण दुष्काळाऐवजी जखम मोजतो. मग गार केलेल्या खलात ते कुटायचे. मध्ये मध्ये नायट्रोजन ओतत राहायचे. पूड वितळू द्यायची नाही. त्या पुडीतून प्रथिने वेगळी काढायची, ट्रायक्लोरोॲसिटिक आम्ल आणि ॲसिटोन वापरून किंवा फिनॉल वापरून. ॲसिटोनने धुताना हरितद्रव्य निघून जाते आणि नळीच्या तळाशी पांढुरका साका राहतो. साका तपकिरी दिसला की समजावे, पानातली फिनॉलवर्गी द्रव्ये अजून प्रथिनांना चिकटून आहेत. तसाच पुढे नेला तर नंतरचे सगळे आकडे संशयास्पद.

पुढे ट्रिप्सिन घालून नमुना रात्रभर ठेवतात. ट्रिप्सिन प्रथिनाची साखळी लायसीन आणि आर्जिनीन या अमिनो आम्लांनंतर तोडते. तयार झालेले तुकडे, म्हणजे पेप्टाइड, केसासारख्या बारीक नळीतून एकामागून एक बाहेर येतात, विद्युत्भारित फवारा होऊन मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये शिरतात. यंत्र आधी अख्ख्या पेप्टाइडचे वस्तुमान मोजते, मग ते फोडून तुकड्यांचे मोजते. ही मोजमापे शिखरांच्या आलेखात दिसतात, त्याला वर्णपट म्हणतात. शेजारच्या दोन शिखरांत ५७ चा फरक दिसला तर तिथे ग्लायसीन, ७१ चा असेल तर ॲलनीन. ११३ चा फरक आला की ल्यूसीन किंवा आयसोल्यूसीन, कारण दोघांचे वस्तुमान अगदी सारखे. असे वाचत गेले की क्रम उलगडतो. हे वाचन संगणक करतो, पण मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिले काही वर्णपट कागदावर पेन्सिलीने सोडवायला लावते. ज्याने ते केले, तो नंतर सॉफ्टवेअरच्या उत्तरावर डोळे झाकून विश्वास ठेवत नाही.

प्रथिनासारखा मोठा रेणू न मोडता वायुरूपात उडवायचा कसा, ही अडचण अनेक वर्षे कुणालाच सुटत नव्हती. ती सोडवणाऱ्या पद्धतींसाठी जॉन फेन आणि कोइची तानाका यांना २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. त्याआधी १९७५ पासून प्रथिने द्विमितीय जेलवर, म्हणजे जेलीसारख्या पातळ थरावर, ठिपक्यांच्या रूपात वेगळी केली जात. आज जेलचा वापर कमी झाला आहे. तरी डोळ्यांना दिसणारे ते ठिपके शिकवण्यासाठी फार चांगले.

अवघड नमुना कोणता, पान की रक्त?

दोन्ही, आणि गंमत अशी की कारण एकच.

हिरव्या पानातल्या विद्राव्य प्रथिनांचा निम्म्यापर्यंतचा वाटा रुबिस्को या एकाच प्रथिनाचा असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड बांधणारे हेच ते एन्झाइम. रक्तद्रवात ती जागा अल्ब्युमिनची. तेही एकूण प्रथिनांच्या निम्म्याहून जास्त. रक्तद्रवातल्या प्रथिनांचे ९९ टक्के वस्तुमान जेमतेम वीस-बावीस प्रथिनांत सामावलेले असते. आपल्याला हवे असतात ते पेशींमधले निरोप पोचवणारे, अत्यल्प प्रमाणात असणारे रेणू. अल्ब्युमिन आणि सायटोकाइन (असेच निरोप पोचवणारे एक प्रथिन) यांच्या प्रमाणात दहा अब्ज पटींचे अंतर असू शकते. नगाऱ्यापुढे टिमकीचे काय चालणार!

म्हणून दोन्हीकडे आधी नगारा बाजूला करावा लागतो. अल्ब्युमिन प्रतिपिंडांनी ओढून काढतात. रुबिस्कोसाठीही तशा युक्त्या आहेत, किंवा अख्खे पान न घेता पेशीभित्तिका, केंद्रक, पेशीपटल असा एकेक भाग वेगळा करून त्यातलीच प्रथिने पाहतात. मात्र अल्ब्युमिन काढताना त्याला चिकटलेली छोटी प्रथिनेही जातात. ही किंमत मोजतो आहोत हे शोधनिबंधात स्पष्ट लिहायला हवे.

वनस्पतींत आणखी एक अडचण आहे. पेशीभित्तिका जाड, आणि रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या मोठ्या पाणीदार पिशवीत, प्रथिने तोडणारी एन्झाइमे भरलेली. पेशी फुटली की ती मोकळी होतात. पानांवर शिकलेल्या माणसाचा हात म्हणूनच लवकर तयार होतो, असे माझे मत आहे.

वनस्पतींवर काम केलेल्या माणसाने रोगांवर संशोधन करणे म्हणजे विषय सोडणे नाही का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे. उत्तरासाठी तीन गोष्टी सांगते.

पहिली आहे अंधारातल्या रोपाची. अंधारात उगवलेले रोप लांबलचक, फिकट, पाने मिटलेले असते. अरेबिडॉप्सिस या छोट्या मोहरीवर्गी वनस्पतीची काही उत्परिवर्तित रोपे मात्र अंधारातही उजेडात असल्यासारखी वाढतात: आखूड खोड, उघडी बीजपत्रे. त्यांच्यात काय बिघडले आहे हे शोधताना १९९० च्या दशकात आठ उपघटकांचा एक प्रथिनसमूह सापडला, सीओपी९ सिग्नलोसोम. तो शुद्ध स्वरूपात मिळवला गेला फ्लॉवरच्या गड्ड्यातून. नंतर कळले की हाच समूह प्राण्यांतही आहे, माणसांतही आहे, आणि कोणती प्रथिने मोडीत काढायची हे ठरवणाऱ्या यंत्रणेवर तो नियंत्रण ठेवतो. आज कर्करोगाच्या अभ्यासात त्याचे नाव सतत येते.

दुसरी गोष्ट ऑक्सिनची. रोपाला प्रकाशाकडे वळवणारे हे संप्रेरक कुठे बसते, हे २००५ साली समजले. दोन वर्षांनी ते तिथे कसे बसते याची रचना दिसली. ऑक्सिन दोन प्रथिनांच्या मधल्या खाचेत बसून त्यांना एकत्र धरते आणि त्यातले एक प्रथिन युबिक्विटिनची (मोडीत काढायच्या प्रथिनाला चिकटवल्या जाणाऱ्या छोट्या प्रथिनाची) खूण लागून मोडीत निघते. आता थॅलिडोमाइड आठवा. १९५० च्या दशकाच्या अखेरीस गर्भवती स्त्रियांना दिले गेलेले हे औषध. त्यामुळे हजारो मुले अविकसित हातपाय घेऊन जन्मली. ते शरीरात सेरेब्लॉन या प्रथिनाला चिकटते, हे कळायला २०१० उजाडावे लागले. त्याच कुळातले लेनालिडोमाइड मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगात वापरतात. ते दोन विशिष्ट प्रथिने मोडायला लावून काम करते, हे २०१४ साली पुढे आले आणि त्यात मास स्पेक्ट्रोमेट्रीचा मोठा हात होता. औषधाआधी पेशींत असलेली आणि औषधानंतर नाहीशी झालेली प्रथिने सरळ मोजली गेली. छोट्या रेणूने दोन प्रथिने जोडायची आणि एकाला मोडीत पाठवायचे, ही युक्ती निसर्गात रोप कितीतरी आधीपासून वापरत होते.

तिसरी माझ्या स्वतःच्या टेबलावरची. बी वाळत असताना त्यात एलईए नावाची प्रथिने साठतात. त्यांचा शोध १९८१ मध्ये कापसाच्या बियांत लागला. त्यांना ठरावीक घडी, म्हणजे साखळी दुमडून होणारा पक्का आकार, नसते. म्हणून त्यांचा अर्क उकळला तरी ती साकळत नाहीत. बाकीची प्रथिने पांढरा गोळा होऊन खाली बसतात, नळी सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवायची, आणि वरच्या स्वच्छ द्रवात एलईए शिल्लक. वनस्पतींच्या प्रयोगशाळेत मी हे कितीदा केले असेल! अल्झायमरमध्ये गुंता होणारे टाऊ आणि पार्किन्सनमध्ये साठणारे अल्फा-सिन्यूक्लीन हीदेखील अशीच पक्की घडी नसलेली प्रथिने आहेत. ती शुद्ध करण्यासाठी मेंदूविकारांच्या प्रयोगशाळेत पोचले, तर तिथेही नळी उकळत्या पाण्यातच ठेवलेली. बियांत घडी नसणे हे वाळण्यापासून संरक्षण देते. मेंदूत मात्र घडी नसलेली प्रथिने चुकीच्या पद्धतीने एकमेकांना चिकटू लागली की आजार सुरू होतो. मला दोन्हीकडे एकच प्रश्न दिसतो: असे प्रथिन केव्हा सैल राहते आणि केव्हा गोठते?

म्हणून मी विषय सोडला असे मला कधी वाटले नाही. नमुना बदलला.

मधुमेहात प्रोटिओमिक्सचे काय काम? साखर तर साध्या चाचणीत मोजता येते.

त्या क्षणाची साखर मोजता येते. पण साखर रक्तात फिरताना कोणत्याही एन्झाइमच्या मदतीशिवाय प्रथिनांना चिकटत जाते. याला ग्लायकेशन म्हणतात. एचबीए१सी ही चाचणी त्यावरच उभी आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या सुरुवातीला व्हॅलीन असते, त्यावर ग्लुकोज बसते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, त्यामुळे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. अल्ब्युमिनवरचे ग्लायकेशन पाहिले तर मागचे दोन-तीन आठवडे कळतात.

मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये ग्लुकोज चढलेले पेप्टाइड १६२ ने जड दिसते. शिवाय साखर लायसीनवर बसली असेल तर ट्रिप्सिन तिथे तोडू शकत नाही आणि तुकडा अपेक्षेपेक्षा लांब निघतो. असा न तुटलेला, १६२ ने जड झालेला तुकडा वर्णपटात पहिल्यांदा ओळखता आला, तेव्हाचा आनंद मला अजून तसाच वाटतो. कोणत्या प्रथिनाच्या नेमक्या कोणत्या लायसीनवर साखर बसते आणि मूत्रपिंडाचा त्रास सुरू होण्याआधी त्यातल्या कोणत्या जागा बदलतात, हा पुढचा प्रश्न आहे. अनेक गट त्यावर काम करत आहेत.

रक्ताच्या एका थेंबावरून कर्करोग ओळखणारी चाचणी कधी येणार?

इथे घाई करणाऱ्यांपासून सावध राहा. २००२ मध्ये एका गाजलेल्या शोधनिबंधात रक्तजलातल्या प्रथिनांच्या नमुनाकृतीवरून अंडाशयाचा कर्करोग जवळजवळ अचूक ओळखता येतो असा दावा झाला. डेटा सर्वांसाठी खुला होता. संख्याशास्त्रज्ञांनी तो पुन्हा तपासला तेव्हा दिसले की रुग्ण आणि निरोगी यांच्यातला बराचसा फरक नमुने यंत्रावर कसे चालवले गेले यातून आला असावा. एका दिवशी फक्त रुग्णांचे नमुने आणि दुसऱ्या दिवशी फक्त निरोगी लोकांचे चालवले, तर यंत्राचा त्या दिवसाचा स्वभावही रोगाचे लक्षण वाटू लागतो. नमुन्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा, ही शिस्त तेव्हापासून या क्षेत्रात अंगवळणी पडत गेली.

चाचण्या येत नाहीत असे मात्र नाही. हृदयविकाराच्या झटक्यात ट्रोपोनिन मोजतात, ते प्रथिनच आहे. रुग्णालयांच्या सूक्ष्मजीव विभागात जिवाणूंची वसाहत धातूच्या पट्टीवर घासून मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये ठेवतात आणि काही मिनिटांत जिवाणूची जात कळते. मुख्यतः रायबोसोममधल्या (पेशीतल्या प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेतल्या) प्रथिनांवरून ही ओळख पटते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या मोठ्या आरोग्य-संग्रहाच्या अभ्यासात ५४ हजारांहून अधिक लोकांच्या रक्तद्रवात सुमारे २,९०० प्रथिने मोजली गेली. ती मास स्पेक्ट्रोमेट्रीने नव्हे, तर प्रतिपिंडांवर आधारलेल्या पद्धतीने. मोठ्या संख्येसाठी ती पद्धत सोयीची आहे. पण प्रतिपिंडाने नेमके काय पकडले याची खातरजमा करायला आमचे यंत्र लागतेच.

वनस्पती आणि रोग हे दोन्ही एकाच अभ्यासात येतात का?

येतात. गव्हातले ग्लूटेन हे ठळक उदाहरण. ग्लूटेनमधल्या ग्लायडिनमध्ये प्रोलीन आणि ग्लुटामीन इतके ठासून भरलेले असते की आपली पाचक एन्झाइमे ते पुरते तोडू शकत नाहीत. ३३ अमिनो आम्लांचा असा एक न पचणारा तुकडा २००२ मध्ये ओळखला गेला आणि सीलिॲक रोगात, म्हणजे ग्लूटेन न सोसणाऱ्या आतड्याच्या आजारात, प्रतिकारशक्ती त्यावर जोरात तुटून पडते हे दिसले. आतड्यातले एक एन्झाइम त्यातल्या काही ग्लुटामीनचे ग्लुटामिक आम्ल करते, तेव्हा तर तो तुकडा प्रतिकारपेशींना आणखी नजरेत भरतो. वस्तुमानात हा फरक फक्त एकाचा. ग्लायडिनमध्ये लायसीन-आर्जिनीन कमी असल्याने आमचे नेहमीचे ट्रिप्सिन इथे चालत नाही, वेगळ्या जागी तोडणारे कायमोट्रिप्सिन घ्यावे लागते. बियांची प्रथिने ओळखणारा माणूस आणि रोग समजणारा माणूस शेजारी बसल्याशिवाय असे काम होत नाही.

शेतीला याचा थेट फायदा काय?

थेट फायदा म्हणजे उद्या नवे वाण, असे नाही. दुष्काळात वाढलेल्या शेकडो प्रथिनांपैकी काही रोपाला वाचवणारी असतात आणि काही केवळ त्रासाची खूण. ही निवड करायला जनुक बंद करून पाहणे, वेगवेगळी वाणे तपासणे, शेतात पडताळा घेणे हे सगळे लागते. त्यात वर्षे जातात.

‘एक टक्का चूक’ म्हणजे काय? ती चालते कशी?

संगणक हजारो वर्णपट एकदम जुळवतो, त्यात काही योगायोगाने जुळतात. ते मोजण्यासाठी खऱ्या प्रथिनांच्या यादीला मुद्दाम उलट्या क्रमांची खोटी यादी जोडतात. खोट्या यादीत जितके ‘सापडले’, त्यावरून खऱ्या यादीतले चुकीचे किती असतील याचा अंदाज येतो. हे प्रमाण सहसा एक टक्क्यावर रोखतात.

पण डेटा मोठा झाला की एक टक्काही भरपूर होतो. २०१४ मध्ये दोन गटांनी मानवी प्रथिनसंचाचे आराखडे प्रसिद्ध केले. त्यातल्या एकाने १७,२९४ जनुकांची प्रथिने सापडल्याचे सांगितले. क्षेत्रासाठी तो मोठा टप्पा होता. त्यानंतर इतर संशोधकांनी दाखवले की दोन्ही आराखड्यांत वास ओळखणारी घ्राणग्राही प्रथिने दिसतात, पण नाकातल्या ऊतीचा नमुना तर तपासलाच नव्हता. या चर्चेतून निकष कडक झाले. एक प्रथिन ‘सापडले’ म्हणायला आता किमान दोन वेगळे, पुरेसे लांब पेप्टाइड लागतात. टीका झाली की विज्ञान पुढे सरकते ते असे.

नमुन्यात केराटिन का सापडते?

तुमच्या कातडीतून आणि केसांतून. मेंढीचे केराटिन दिसले तर लोकरीचा स्वेटर. हातमोजे बदला, बाकडे पुसा, केस बांधा.

या क्षेत्रात येण्यासाठी काय शिकून यावे?

जैवरसायन किंवा रसायनशास्त्र पक्के हवे. त्याखालोखाल संख्याशास्त्र, आणि आर किंवा पायथॉन या संगणकभाषांमध्ये स्वतः चार ओळी लिहिता येणे. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना गणिताची भीती असते असे पुष्कळदा ऐकते. माझ्या पाहण्यात ती भीती स्वतःचा डेटा हाती आला की बहुतेकांची जाते, कारण तेव्हा आकडे आपले असतात.

महाग यंत्र तुमच्या संस्थेत नसले तरी अडत नाही. नमुना नीट तयार केला तर तो सामाईक सुविधेत पाठवता येतो. वाईट तयार केलेला नमुना जगातल्या सर्वांत महाग यंत्रावरही वाईटच राहतो.

संगणकच प्रथिनांच्या रचना सांगू लागले. मग हे काम उरणार का?

अल्फाफोल्ड या, अमिनो आम्लांच्या क्रमावरून प्रथिनाची रचना सांगणाऱ्या संगणकप्रणालीमुळे रचनेचा अंदाज घेणे खूप सोपे झाले. २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्याचा मान झाला. मीही ते रोज वापरते. पण आज सकाळी या रुग्णाच्या रक्तात हे प्रथिन किती आहे आणि त्याच्या कोणत्या लायसीनवर साखर बसली आहे, हे क्रमावरून कळत नाही. ते मोजावे लागते. पक्की घडी नसलेल्या टाऊ किंवा एलईएसारख्या प्रथिनांपुढे रचनेचा अंदाजही फारसा पुढे जात नाही.

पीएच.डी.नंतर विषय बदलावा का?

तंत्र हातात असेल तर बदला. फक्त नव्या विषयातले जीवशास्त्र पहिल्यापासून शिकायची तयारी ठेवा. पानाला संमतिपत्र लागत नाही, रुग्णाला लागते. एका वाणाची रोपे जवळजवळ सारखी असतात, दोन माणसे कधीच नसतात. वय, औषधे, जेवणाची वेळ, रक्त काढल्यावर नळी किती वेळ बाहेर राहिली, या सगळ्याने आकडे हलतात. वनस्पतींकडून आलेल्यांना ही गोष्ट पचायला सर्वांत जास्त वेळ लागतो. त्यासाठी आधी डॉक्टरांबरोबर बसून त्यांचा प्रश्न समजून घ्यावा, नमुने नंतर मागावेत.

आजच काही करून पाहता येईल का?

हो. प्राइड या खुल्या संग्रहात जगभरातल्या गटांनी आपला मूळ डेटा ठेवलेला असतो, कुणालाही तो विनामूल्य उतरवून घेता येतो. एखाद्या पानाचा आणि एखाद्या रक्तद्रवाचा असे दोन छोटे संच घ्या. मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने प्रथिने शोधा आणि प्रमाणानुसार उतरत्या क्रमाने लावा. पहिल्यात रुबिस्को वर येते का, दुसऱ्यात अल्ब्युमिन येते का ते पाहा. मग यादीच्या अगदी तळाशी जा, एकाच पेप्टाइडवर टेकलेले एखादे प्रथिन निवडा, त्याचा वर्णपट छापून घ्या आणि पेन्सिलीने सोडवून बघा.